‘मस्करी होती हो सर’: चिडवणं कुठं संपतं, छळ कुठून सुरू होतो आणि सांगायचं कुणाला?

आमच्या वर्गात एक मुलगी होती. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा, आणि ती सहा-सात किलोमीटरवरच्या खेड्यातून एसटीनं यायची. नववीत असताना दोन पोरं मोटरसायकलवरून तिच्या बसच्या मागं यायला लागली. आधी स्टँडपर्यंत, मग शाळेच्या गेटपर्यंत. हॉर्न वाजवायचे, तिच्या नावानं ओरडायचे. वर्गात हे पसरायला वेळ लागला नाही. त्यातल्या एकाचं नाव तिला चिकटलं. ती फळ्यापाशी गेली की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं हॉर्नचा आवाज काढायचं. अख्खा वर्ग हसायचा. मीही हसायचे.

चार महिने तिनं घरी काहीच सांगितलं नाही. मग एकदा सांगितलं. भावानं जाऊन त्या पोरांना मारलं, गावात बैठक बसली आणि निकाल लागला. निकाल काय, तर तिची शाळा बंद. आम्ही बारावीला पोचलो तेव्हा तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

ही गोष्ट आज काढायचं कारण एक आकडा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. त्यात 20 ते 24 वयाच्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं का, हे तपासलं गेलं. महाराष्ट्रात असं लग्न झालेल्या जवळपास 22 टक्के निघाल्या. परभणी जिल्ह्यात 48 टक्के. राज्यात सगळ्यात जास्त.

यामागं गरिबी आहे, हुंडा आहे, कोयता घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, सातवी-आठवीच्या पुढं गावात शाळाच नाही हेही आहे. पण गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत कुठल्याही गावात आईबापाला विचारा, एवढ्या लवकर का उरकलं? एक उत्तर हमखास येतं. “दिवस वाईट आहेत, काही इकडं-तिकडं झालं म्हणजे?” म्हणजे त्रास देणारा पोरगा मोकळा आणि जिला त्रास झाला तिच्या गळ्यात मंगळसूत्र. मुलींना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या गप्प बसतात.

‘त्रास होत असेल तर मोठ्यांना सांगा’ असं पोस्टर शाळेच्या भिंतीवर लावून हे सुटत नाही. सांगितल्यावर आपलंच नुकसान होणार असेल तर कोण सांगेल? म्हणून या लेखात छळ ओळखायचा कसा हे तर आहेच. पण सांगितल्यावर पुढं काय होतं आणि कायदा कुणाला काय करायला लावतो, त्यावर जरा जास्त बोलू.

मस्करी कुठं संपते?

आपल्याकडं बुलिंग हा शब्द फारसं कुणी वापरत नाही. आपल्याकडं मस्करी असते, खेचाखेची असते, ‘मजा घेत होतो’ असतं. हॉस्टेलवर ‘इंट्रो’ असतो. मास्तरांनी केलं तर शिस्त असते. मुलीच्या मागं लागणं म्हणजे ‘लाइन मारणं’. सगळे शब्द कसे हलकेफुलके. आणि जोवर शब्द हलका आहे तोवर तक्रार करणाराच वेडा ठरतो. “एवढं काय मनावर घ्यायचं?”

या विषयावर जगात पहिल्यांदा नीट अभ्यास केला तो डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञानं. 1982 च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी जीव दिला आणि त्यामागं बरोबरीच्या मुलांनी केलेला छळ असल्याचं बोललं गेलं. देश हादरला. 1983 मध्ये तिथल्या सरकारनं देशभरातल्या शाळांत छळाविरोधात मोहीम काढली आणि ओल्वेउस त्या कामात होते. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात. त्रास मुद्दाम दिलेला असतो. तो पुन्हा पुन्हा दिला जातो. आणि ज्याला त्रास होतो तो स्वतःला सहज सोडवून घेऊ शकत नाही, कारण समोरच्याचं पारडं जड असतं.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची आहे. दोन सारख्या अंगाच्या पोरांची क्रिकेटवरून हाणामारी झाली तर ते भांडण. दहावीतल्या चौघांनी मिळून सहावीतल्या एकाचा डबा रोज काढून घेतला तर तो छळ. पारडं नेहमी ताकदीनंच जड होतं असं नाही. वयानं होतं, पैशानं होतं, जातीनं होतं, बाप गावचा पुढारी असल्यानं होतं. संख्येनं तर फारच होतं. आणि आता एक नवी गोष्ट, कुणाच्या मोबाइलमध्ये कुणाचा फोटो आहे यानंही होतं.

मोबाइलवर ‘पुन्हा पुन्हा’चा अर्थ बदलतो, हेही ध्यानात घ्या. एखाद्या मुलीचा फोटो घाणेरड्या मजकुरासकट ग्रुपवर एकदाच टाकला, पण तो 200 जणांनी पाहिला आणि पुढं ढकलला, तर तिच्यासाठी ती गोष्ट 200 वेळा घडली. “एकदाच टाकला होता” हा बचाव इथं चालत नाही.

मला स्वतःला एक साधी कसोटी बरी वाटते. मस्करी ‘बास’ म्हटल्यावर थांबते. छळ ‘बास’ म्हटल्यावर वाढतो. ‘बास’ म्हणायचीच भीती वाटत असेल, तर उत्तर मिळालं असं समजा.

मारहाण डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या प्रकारात शिक्षकही फसतात. अमक्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरवणं, डबा खाताना उठून दुसरीकडं बसणं, ग्रुप बनवून एकीलाच बाहेर ठेवणं आणि मग त्याच ग्रुपचे स्क्रीनशॉट तिला कुणाकडून तरी पोचवणं. पहिल्या दिवशी “आडनाव काय तुझं?” विचारून मग त्यावरून सगळं ठरवणं. रंगावरून, जाडीवरून, बोलण्यातल्या हेलावरून नाव पाडणं. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्यांना हे शेवटचं वेगळं सांगायला नको.

‘इंट्रो’ म्हणजे काय, हे कायद्यात लिहिलेलं आहे

महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यातली व्याख्या एकदा प्रत्येकानं वाचावी अशी आहे. एखाद्या विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती वाटेल, लाज वाटेल, खजील व्हावं लागेल असं वागणं म्हणजे रॅगिंग. त्यात चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं यांच्यासोबत थट्टा करणंही स्पष्ट शब्दांत घातलेलं आहे. म्हणजे “मस्करी होती हो सर” हे वाक्य कायद्यापुढं सुटका नाही. ती जवळपास कबुलीच झाली.

दुसरी गोष्ट, हा कायदा फक्त मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांचा आहे असा समज आहे. तसं नाही. शिक्षण देणारी कुठलीही संस्था त्यात येते. वसतिगृह येतं, अनाथाश्रम येतो, खासगी क्लासही येतो. दहावी झाली की परभणी, सेलू, पाथरीची कितीतरी मुलं नीट-जेईईसाठी लातूर किंवा नांदेडला जातात आणि क्लासच्या हॉस्टेलवर राहतात. त्यांच्यासाठी हे फार कामाचं आहे.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाला तर विद्यार्थ्याला संस्थेतून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडं पाठवायची असते. प्रमुखानंच टाळाटाळ केली तर गुन्ह्याला मदत केली म्हणून तोही अडकतो.

कायदा असा कडक असूनही 22 मे 2019 ला मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या. नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. तीन सिनियर डॉक्टर जातीवरून टोचून बोलायच्या, अपमान करायच्या, असा कुटुंबाचा आरोप आहे. तिघींना अटक झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या आधीच आईनं, आबेदा तडवी यांनी, मुलीला होणारा त्रास रुग्णालयात कानावर घातला होता, असंही कुटुंबानं सांगितलं. मला या सगळ्यात तेच सगळ्यात जास्त खटकतं. आई बोलली होती.

तोंडी तक्रार हवेत विरून जाते. म्हणून दोन ओळींची का होईना, लेखी द्या. तारीख घाला, एका प्रतीवर पोच घ्या. ऑफिसातला माणूस पोच द्यायला तयार नसेल तर तोच मजकूर ईमेल करा किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवा. सात दिवसांची मुदत मोजायला तारीख लागते. कॉलेजात असाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 आहे, ती चोवीस तास चालते. हिमाचल प्रदेशातल्या टांडा मेडिकल कॉलेजात मार्च 2009 मध्ये अमन काचरू या 19 वर्षांच्या मुलाचा सिनियर्सच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. आयोगाचे आजचे नियम त्याच वर्षी आले.

समोर मोठा माणूस असेल तेव्हा

इथवर बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या मुलांबद्दल बोललो. पण त्रास देणारा काका असेल, शिकवणीचे सर असतील, रिक्षावाले मामा असतील, कीर्तनाला घेऊन जाणारा शेजारी असेल तर? तेव्हा ओळखणं आणखी अवघड होतं, कारण सुरुवात मारानं होत नाही. लाडानं होते. एकट्यालाच चॉकलेट, एकट्यालाच जादा मार्क, मोबाइलचा रिचार्ज, ‘तू इतरांपेक्षा वेगळी आहेस’. मग ‘हे आपल्या दोघांतच ठेवायचं’. कुणी मोठा माणूस लहान मुलाला घरच्यांपासून लपवायला सांगतो, तिथंच सावध व्हायचं. बाकी काही घडलं नसलं तरी.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो केलेला होता. निम्म्याहून जास्त, 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं. आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्त होते. हे वाचून मी पानावरून मागं जाऊन आकडा पुन्हा पाहिला होता. आपल्याकडं मुलाच्या बाबतीत हा विषय निघतच नाही. ‘पोरगाच आहे, त्याला काय होतंय’ म्हणून सोडून देतात आणि मुलगाही ‘बायल्या म्हणतील’ या भीतीनं तोंड उघडत नाही. बऱ्याच प्रकरणांत त्रास देणारा ओळखीचा, विश्वासातला माणूस होता, हेही त्याच अभ्यासात आहे.

2012 चा पोक्सो कायदा म्हणूनच मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठरा वर्षांखालचं कुणीही त्यात येतं. आणि या कायद्यातली एक तरतूद मुलांनी नीट समजून घ्यावी, म्हणजे निम्मी भीती जाईल. मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्या प्रत्येक मोठ्या माणसानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेसारख्या संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत. मूल गप्प राहिलं म्हणून मुलावर मात्र ही जबाबदारी येत नाही. मुलानं सांगितलेली माहिती पुढं चुकीची निघाली तरी त्याला शिक्षा नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि 20 तारखेला लोकांनी रेल्वे स्टेशनवर रूळ अडवले. तो राग फक्त आरोपीवर नव्हता. तक्रार घ्यायला लावलेल्या वेळेवर होता, शाळेच्या वागण्यावर होता. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळेनं पोलिसांना कळवलं का नाही, हाच प्रश्न विचारला. त्यानंतर राज्यभर शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांची पुन्हा आठवण निघाली. पुन्हा म्हणायचं कारण, शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमा असा सरकारचा आदेश 2022 च्या मार्चमध्येच निघालेला होता. तुमच्या शाळेत ती आहे का आणि त्यात कोण कोण आहे, हे उद्या विचारून बघा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून बरंच कळेल.

“पण पोलीस स्टेशनला जायचं म्हणजे...” हा पुढचा अडथळा. पोक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो महिला उपनिरीक्षक घेते, आणि जबाब घेताना अंगावर वर्दी नसते. आईवडील किंवा विश्वासाचं माणूस सोबत बसू शकतं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, आरोपीसमोर उभं करता येत नाही. नाव, फोटो, शाळा, गाव यातलं काहीही छापता येत नाही, आणि यात तुमचं फेसबुक पेजही आलं.

सांगायचं कुणाला आणि कसं?

अठराखालच्यांसाठी नंबर एकच लक्षात ठेवा, 1098. फोन फुकट, दिवसरात्र. 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ही चाइल्डलाइन सुरू झाली. आता ती सरकार चालवतं आणि 112 या आणीबाणीच्या नंबरशी जोडलेली आहे. फोन स्वतः त्या मुलालाच करावा लागतो असं नाही. मैत्रीण करू शकते, शेजारीण करू शकते, एसटीचा कंडक्टर करू शकतो. फोननंतर प्रकरण जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडं जातं आणि गरज असेल तर बाल कल्याण समितीपुढं येतं. समितीला न्यायदंडाधिकाऱ्यासारखे अधिकार असतात. मुलाला घरातच धोका असेल तर त्याला कुठं ठेवायचं हेही तीच ठरवते.

घरी सांगायचं असेल तर एक सुचवते. आपण सहसा घटनेपासून सुरुवात करतो आणि ऐकणारा मध्येच भडकतो. पोरं गोळा करतो, काठी शोधतो. त्याऐवजी पहिलं वाक्य असं टाका: “मला एक सांगायचंय, पूर्ण ऐकल्याशिवाय काही करायचं नाही, आणि माझी शाळा बंद करायची नाही.” वाक्य पाठ करा हवं तर. बापाशी बोलणं जमत नसेल तर आत्या, मामी, आजी, ज्या बाई वर्गात ओरडत नाहीत त्या बाई, अंगणवाडीच्या ताई. पहिल्या माणसानं ‘जाऊ दे’ म्हटलं तर दुसऱ्याकडं जायचं. चूक त्या माणसाच्या कानाची असते, तुमच्या सांगण्याची नाही.

आणि ऐकणाऱ्यांनो, तुम्हालाही. “तू तिथं गेलीच कशाला?” हा प्रश्न गिळून टाका. “बरं झालं सांगितलंस” एवढंच म्हणा. मग विचारा, तुला काय व्हायला हवंय? बहुतेक वेळा मुलांना मारामारी नको असते, त्रास थांबायला हवा असतो. कुणी रस्त्यात पाठलाग करत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसांचं दामिनी पथक असतं, शाळेच्या वेळात स्टँडवर थांबा म्हणून मुख्याध्यापक त्यांना पत्र देऊ शकतात. भावानं फोडलेल्या डोक्यापेक्षा हे पत्र जास्त टिकतं. त्रास देणारा स्वतः अठराखालचा असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. तिथं भर त्याला सुधारण्यावर असतो. ‘त्या पोराचं आयुष्य बरबाद होईल’ म्हणून गप्प बसायला सांगणाऱ्यांना हे सांगा.

खेड्यातून येणाऱ्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. मानव विकासच्या निळ्या बस बऱ्याच तालुक्यांत त्यासाठीच फिरतात. बसची वेळ शाळा सुटण्याशी जुळत नसेल आणि मुलींना तासभर स्टँडवर ताटकळावं लागत असेल, तर आगार व्यवस्थापकाकडं अर्ज करण्यासारखा तो मुद्दा आहे. कंटाळवाणं काम आहे खरं. पण मुलीला घरी बसवण्याआधी यातलं किती केलं, हे प्रत्येक गावानं स्वतःला विचारायला हरकत नाही.

घरच्यांनी लग्नच ठरवलं तर? गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. त्याला किंवा 1098 ला कळवलं तर लग्न थांबवता येतं. लग्न होऊन गेलं असेल तरी 2006 च्या कायद्यानं मुलीला ते कोर्टातून रद्द करून घेता येतं, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की अठराखालच्या बायकोशी ठेवलेले शरीरसंबंध हा बलात्कारच आहे.

मोबाइलवरचा त्रास

इथं सगळ्यांचा हात पहिल्यांदा डिलीटकडं जातो. तसं करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि समोरच्याचं युजरनेम दिसलं पाहिजे, प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवा. मग ब्लॉक करा. फोटोच्या धमकीवर कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. पैसे दिल्यावर मागणी थांबत नाही, तुम्ही देता हे फक्त त्याला कळतं. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा. फोटो-व्हिडिओच्या तक्रारीसाठी केंद्राचं राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. अठराखालच्यांच्या खासगी फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथं फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनमध्ये फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो शोधून काढतात.

एक चूक मात्र चांगल्या हेतूनं होते. मुलीचा तसला व्हिडिओ आला की लोक ‘पुरावा म्हणून’ पालकांच्या ग्रुपवर टाकतात. अठराखालच्या मुलांचं असं चित्र पुढं पाठवणं हा गुन्हा आहे. आलेलं तसंच ठेवून देणंही अंगाशी येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. कुणालाही पाठवू नका. ज्या फोनवर आलं तोच फोन घेऊन पोलिसांकडं जा.

या सगळ्यात मन खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

हसणाऱ्यांचं काय?

कॅनडातल्या संशोधकांनी टोरांटोमधल्या शाळांच्या मैदानावर मुलांचं चित्रीकरण करून 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. छळाच्या दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. मध्ये पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडनं पुढं या बघ्या मुलांनाच शिकवणारा ‘किवा’ नावाचा कार्यक्रम 2009 पासून देशभरातल्या शाळांत नेला.

मध्ये पडणं म्हणजे हिरोगिरी करणं असं नाही. चौघांशी भिडायला कुणी सांगत नाही. ती डबा खायला एकटी बसली असेल तर शेजारी जाऊन बसणं, स्टँडपर्यंत दोघीतिघी मिळून चालणं, ग्रुपवर ‘हे काढ’ एवढं लिहिणं. किंवा नुसतं न हसणं. आमच्या वर्गात चाळीस जण होतो. हॉर्नचा आवाज काढणारे तिघं-चौघंच होते.

मागच्या दिवाळीत ती मला स्टँडवर भेटली. मुलगी चौथीत आहे तिची. मी या लेखाची तयारी करत होते, म्हणून विचारलं, “तेव्हा 1098 माहीत असतं तर केला असतास का गं फोन?”

ती म्हणाली, “फोन कुठं होता माझ्याकडं? तुझ्याकडं होता की.”